पुढच्या चाकाला सावरू द्या

प्रश्न : माझ्याकडे २०० सीसीची ड्युअल-स्पोर्ट गाडी आहे. पुढचं चाक २१ इंची, स्पोकचं. कराडहून पुण्याला जायला आणि सुट्टीत पाटणकडच्या कच्च्या रस्त्यांवर फिरायला तीच वापरतो. कच्च्यात गाडीला तोड नाही. पण हायवेवर ७० च्या पुढे गेलं की हँडल हलकं लागतं. कंटेनरच्या बाजूनं पुढे जाताना गाडी आधी त्याच्याकडे ओढली जाते, मग बाहेर ढकलली जाते. मागे बॅग बांधली की सगळी गाडीच वळवळते. गॅरेजवाला म्हणतो, स्टिअरिंग डॅम्पर बसवा. मित्र म्हणतात, पुढचा मडगार्ड काढून टाक. नक्की काय करावं? की अशा गाड्या हायवेसाठी नसतातच?
— एक वाचक, कराड

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. अशा गाड्या हायवेवर व्यवस्थित चालतात, फक्त त्यासाठी त्या लावून घ्याव्या लागतात. डॅम्पर तूर्त नको आणि मडगार्ड तर काढूच नका. तुमच्या पत्रात खरं म्हणजे दोन वेगळ्या तक्रारी आहेत. एकटे असताना हँडल हलकं लागतं, ही पहिली. बॅग बांधली की सगळी गाडी वळवळते, ही दुसरी. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे.

गाडीचं नाव तुम्ही कळवलेलं नाही, पण वर्णन ओळखीचं आहे. २०१९ साली आलेल्या हीरो एक्सपल्स २०० चं सस्पेन्शन पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर खालीवर होतं. रॉयल एनफील्डच्या २०१६ च्या पहिल्या हिमालयनचे हेच आकडे २०० आणि १८०. दोन्ही गाड्यांना पुढे २१ इंची चाक आणि जमिनीपासून २२० मिलिमीटरची उंची. हे सगळं खड्डे, दगड आणि ओढे पार करण्यासाठी दिलेलं असतं. त्यापोटी गाडी उंच होते, चालवणारा ताठ बसतो, हँडल रुंद असतं आणि पुढचा मडगार्ड टायरपासून बराच वर असतो. हायवेवर नेमकं हेच वाऱ्याच्या तोंडी येतं.

गाडी सरळ कोण ठेवतं?

गाडी आपण सरळ ठेवतो असं आपल्याला वाटतं. वेग जरा वाढला की त्यातलं बरंचसं काम पुढचं चाकच करत असतं. हँडल ज्या दांड्याभोवती फिरतं, त्याची तिरकी रेघ मनातल्या मनात जमिनीपर्यंत लांबवा. ती जिथे टेकते, त्याच्या थोडं मागे टायर जमिनीला टेकलेला असतो. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात आणि अशा गाड्यांत ते दहा सेंटिमीटरच्या आसपास असतं. मॉलमधली ट्रॉली ढकलल्यावर तिचं चाक आपोआप फिरून रांगेत येतं, ते अशाच अंतरामुळे. गाडी डावीकडे कलली की पुढचं चाक आपणहून किंचित डावीकडे वळतं आणि गाडीला पुन्हा सरळ करतं. फिरत्या चाकाचा जायरो परिणामही यात मदतीला असतो. हे सतत चालू असतं, आपल्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून माझं सांगणं एकच आहे : पुढच्या चाकाला त्याचं काम करू द्या. त्याच्या कामात अडथळा येतो तो चार गोष्टींमुळे. कुठेतरी काहीतरी ढिलं किंवा वाजवीपेक्षा घट्ट झालेलं असतं, ओझं चुकीच्या जागी असतं, वारा हँडलला ढकलत असतो, किंवा आपलेच हात आड येत असतात. चारही गोष्टी तुम्हाला घरी तपासता येतील, आणि बहुतेकींना पैसे लागत नाहीत.

आधी हलणं कोणतं ते ओळखा

ब्रिटिश अभियंते रॉबिन शार्प यांनी १९७१ साली मोटरसायकलच्या स्थैर्याचं गणित मांडलं. त्यात दोन प्रकारचं हलणं स्वच्छ वेगळं दिसतं. पहिलं वॉबल. यात हँडल आणि पुढचं चाक भराभर थरथरतं, सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा. दुसरं वीव्ह. यात हँडलपासून शेपटीपर्यंत सगळी गाडी डुलत जाते, सेकंदाला साधारण दोन ते चार वेळा. हँडल थरथरत असेल तर दोष पुढच्या बाजूला शोधायचा. गाडी मागून वळवळत असेल तर मागचा टायर, मागचा शॉकअप, स्विंगआर्म आणि सामान यांकडे आधी पाहायचं. तुमची बॅगवाली तक्रार या दुसऱ्या प्रकारातली आहे. एकट्यानं जाताना हँडल हलकं लागतं, ते बहुतेक वाऱ्यामुळे. पण वाऱ्याला दोष देण्याआधी ढिलेपणाची शंका फेडून घ्या.

रविवारची तपासणी

सुरुवात हवेपासून करा. कच्च्यात शिरताना हवा कमी केली आणि परत येताना भरायची राहिली, हे फार वेळा होतं. प्रेशरचा आकडा स्विंगआर्मवर किंवा चेन कव्हरवर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. एकट्याचा आणि ओझ्याचा आकडा वेगळा असतो, हेही पाहा. टायर थंड असताना मोजा आणि स्वतःचा गेज घ्या, कारण पंपावरचा काटा दर वेळी खरा बोलेलच असं नाही.

मग टायर. रिमलगत टायरवर एक बारीक उठावाची रेघ गोल फिरलेली असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. पंक्चर काढल्यावर टायर एका जागी नीट बसला नाही, तर ती तिथे रिमच्या आत दबलेली दिसते आणि चाक प्रत्येक फेऱ्याला उडी मारतं. टायरवरचा दिशेचा बाण उलटा तर नाही ना, तेही बघा. मोठ्या गुटक्यांचा ऑफ-रोड टायर असेल तर ते गुटके डांबरावर वाकतात आणि हँडल थोडं तरंगल्यासारखं लागणारच. तुमचा वापर बहुतांशी डांबरावर असेल, तर पुढच्या वेळी बारीक खाचांचा, डांबराकडे झुकणारा टायर घ्या. एवढ्या एका बदलाचा फरक लगेच जाणवतो.

स्पोक तपासायला चाक अधांतरी ठेवून छोट्या पान्यानं एकेक स्पोक हलकेच वाजवा. ताणलेला स्पोक टणकन वाजतो, ढिला भद्द आवाज देतो. रिमला आउट आहे का ते पाहायला फोर्कला एक झिपटाय बांधा, त्याचं टोक रिमच्या अगदी जवळ आणा आणि चाक फिरवा. टोक आणि रिम यांच्यातली फट कमीजास्त होत असेल तर आउट काढून घ्या. ज्याचा हात स्पोकवर बसलेला आहे, अशाच माणसाकडे हे काम द्या.

आता कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंग. पुढचं चाक जमिनीपासून उचलून दोन्ही फोर्क खालून धरा आणि पुढेमागे ढकला. टक असा बारीक धक्का हाताला लागला तर कोनसेट ढिला आहे. मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडखळत असेल तर आतल्या कड्यांवर गोळ्यांचे खड्डे पडले आहेत. तिथे आवळून काही होत नाही, सेट बदलावाच लागतो. उलट, कोणी जास्तच आवळून ठेवला असेल तर चाकाला आपणहून वळताच येत नाही आणि गाडी सरळ रस्त्यावरही डावी-उजवी करत राहते. ढिला आणि घट्ट, दोन्ही वाईट. मॅन्युअलमधल्या टॉर्कनंच बसवायला सांगा.

मागचं चाक वरून आणि खालून धरून आडवं हलवा. खेळ लागला तर बेअरिंग किंवा स्विंगआर्मचे बुश गेले आहेत. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच रेघेवर आल्या होत्या का, ते बघा. पुढचं चाक कधी काढलं असेल तर एक्सलचे फोर्कच्या टोकावरचे बोल्ट थोडे सैल करा, पुढचा ब्रेक दाबून फोर्क पाच-सहा वेळा दाबा आणि मगच बोल्ट आवळा. यानं दोन्ही फोर्क समांतर बसतात आणि मोकळे चालतात. गाडीची उंची कमी करायला कोणी फोर्क क्लॅम्पमधून वर सरकवले असतील, तर ते कंपनीच्या जागी आणा. फोर्क वर घेतले की तिरकेपणा कमी होतो, ट्रेल घटतो आणि हायवेवरचा ठामपणा जातो.

बॅगेचा हिशेब

समजा, १५ किलोची बॅग कॅरिअरवर मागच्या एक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे बांधली. दोन चाकांमधलं अंतर १४० सेंटिमीटर धरू. १५ ला ३० नं गुणून १४० नं भागलं की सव्वातीन किलोच्या आसपास उत्तर येतं. तेवढं वजन पुढच्या चाकावरून उचललं गेलं, आणि मागच्या चाकावर १५ ऐवजी १८ किलोंहून जास्त पडलं. तेच १५ किलो टाकीच्या दोन्ही बाजूंना, दोन चाकांच्या मधोमध टांगले तर पुढच्या चाकाला साडेसात किलो मिळतात. सामान तेवढंच, पण पुढच्या चाकावर पावणेअकरा किलोंचा फरक. शिवाय मागे लांब आणि उंच बांधलेलं वजन एकदा डुलायला लागलं की थांबायला वेळ घेतं. तुमची वळवळ तिथूनच येते.

म्हणून पाण्याच्या बाटल्या, हत्यारं आणि सुटे भाग अशा जड वस्तू टाकीच्या बाजूच्या बॅगांत घाला. कॅरिअरवर कपडे आणि स्लीपिंग बॅग यांसारखं हलकंच ठेवा. बाजूच्या बॅगा सीटला चिकटून, शक्य तितक्या खाली आणि पुढे हव्यात, दोन्हीकडे सारख्या वजनाच्या. बंजीवर विसंबू नका, पट्ट्यांनी घट्ट बांधा. हातानं ढकलल्यावर बॅग गाडीच्या आधी हलत असेल तर ती नीट बांधलेली नाही.

ओझ्यानं मागचा शॉकअप किती बसतो, तेही मोजायला हवं. तिघं जण लागतील आणि एक टेप. मागचं चाक अधांतरी करून एक्सलच्या मध्यापासून सरळ वर, शेपटीच्या पॅनेलवर एक खूण करा आणि अंतर मोजा. मग तुम्ही हेल्मेट, जॅकेट, बूट घालून नेहमीसारखे बसा, पाय पेगवर ठेवा. एकानं पुढून गाडी धरायची, दुसऱ्यानं तेच अंतर पुन्हा मोजायचं. दोन आकड्यांतला फरक एकूण प्रवासाच्या साधारण तीस टक्के असावा. १७० मिलिमीटर प्रवासाच्या गाडीला तो ५० च्या आसपास येतो. बॅग बांधून पुन्हा मोजा. तो ८० वर गेला असेल तर मागची बाजू ३० मिलिमीटर जास्त बसली, म्हणजे फोर्क एक अंशाहून जास्त मागे कलला. फोर्क कलला की ट्रेल वाढतो, पण पुढचं चाक आधीच हलकं झालेलं असल्यामुळे त्याचा उपयोग होत नाही. रात्री समोरच्याच्या डोळ्यांवर तुमचा हेडलाइट जातो तोही याच कारणानं.

उपाय सोपा आहे. शॉकअपवरची प्रीलोडची खाचेची कडी सी-पान्यानं एक खाच वाढवा, पुन्हा मोजा, आणि ओझ्यासकट आकडा ५० ते ६० च्या दरम्यान येईपर्यंत वाढवत जा. शेवटच्या खाचेवरही आकडा येत नसेल तर सामान जास्त आहे किंवा स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. घरी आल्यावर कडी मागे घ्यायला विसरू नका.

वारा

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेलात की तो पावणेदोन पट होतो. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असला तर तुमच्या छातीवर १०० चा वारा येतो, म्हणजे शांत हवेतल्या ६० च्या तुलनेत पावणेतीन पट. ताठ बसलेला माणूस आणि गाडी मिळून तेव्हा ढोबळ हिशेबानं ३० किलोंचा धक्का सोसतात. तो जमिनीपासून मीटरभर उंचीवर बसतो आणि पुढच्या चाकावरचा २० किलोंच्या आसपास भार मागे सरकवतो. हँडल हलकं लागतं ते यामुळे. तुमच्या रस्त्यावर आणखी एक गोष्ट आहे. पाटणकडे जाताना वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या तुम्ही पाहिल्याच असतील. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि कराड-पुणे महामार्ग साधारण दक्षिणोत्तर जातो, म्हणजे तो वारा थेट कुशीत बसतो.

आता गाडी उभी करून हँडल डावी-उजवीकडे फिरवा आणि कोणकोणती वस्तू त्याच्याबरोबर फिरते ते बघा. उंच मडगार्ड, हँडलवर बसवलेली विंडशील्ड, रुंद हँडगार्ड, मोठे आरसे, मोबाइलचा स्टँड. यातल्या प्रत्येक वस्तूवर वारा आपटला की तो हँडललाच ढकलतो. जी फ्रेमला बसवलेली आहे, ती गाडीला ढकलते पण हँडलला थेट नाही. म्हणून विंडशील्ड घ्यायचीच असेल तर फ्रेमला बसणारी घ्या, आणि हँडलवरची गर्दी कमी करा.

मडगार्ड उंच असतो त्याला कारण आहे. पावसाळ्यातली काळी माती किंवा कोकणातला चिखल टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसला की चाक फिरेनासं होतं. तो काढून टाकलात तर सगळा चिखल रेडिएटरवर, इंजिनावर आणि तुमच्या तोंडावर येईल. हायवेवरचं जाणं खूपच जास्त असेल तर तुमच्या मॉडेलसाठी मिळणारा, टायरच्या जवळ बसणारा मडगार्ड लावता येतो. मग काळ्या मातीत जाणं मात्र टाळावं लागेल. बऱ्याच ॲडव्हेंचर हेल्मेटची पुढची चोच काढता येते. हायवेवर ती काढाच, कारण ती वाऱ्यात मान ओढते आणि ती ओढ खांद्यांतून हँडलपर्यंत उतरते.

हात

वाऱ्यानं अंग मागे ढकललं की आपण हँडलला धरून स्वतःला पुढे ओढतो. रुंद हँडलवर तेवढी ओढही वळण देऊन जाते. गाडी हलली की आपण आणखी घट्ट धरतो, आणि पुढच्या चाकाला सावरायला जागाच उरत नाही. त्याऐवजी गुडघ्यांनी टाकी धरा, कमरेतून थोडे पुढे झुका, कोपर सैल ठेवा, बोटं हलकी ठेवा. अंग पायांनी धरायचं, हँडल फक्त दिशेसाठी.

कंटेनरच्या मागे हवा कमी दाबाची असते, म्हणून गाडी आत ओढल्यासारखी वाटते. त्याच्या तोंडाशी हवा दाबलेली असते, तिथे बाहेरचा धक्का बसतो. हा क्रम एकदा कळला की भीती अर्धी होते. लेनभर अंतर ठेवा, धक्का येणार हे धरून चला, कोपर सैल ठेवून तो जाऊ द्या, आणि बाजूला रेंगाळू नका.

तरीही हँडल जोरात थरथरू लागलं, तर ब्रेक कचकन लावू नका आणि हँडलशी झुंजू नका. टाकी गुडघ्यांनी आवळा, अंग पुढे न्या, थ्रॉटल हळूहळू सोडा आणि वेग उतरू द्या. मग सुरक्षित जागी थांबा आणि टायर, स्पोक, सामान बघूनच पुढे निघा. मुद्दाम हात सोडून थरथर तपासण्याचा प्रयोग हायवेवर कधीही करू नका.

डॅम्पर का नको?

शार्प यांच्या गणितात याचं उत्तर आहे. स्टिअरिंग डॅम्पर वॉबल दाबतो, पण वीव्हची स्थिरता कमी करतो. म्हणजे तुमची बॅगवाली वळवळ उलट वाढू शकते. शिवाय ढिला कोनसेट किंवा सैल स्पोक डॅम्परनं झाकला जातो आणि दोष आतल्या आत वाढत राहतो. फोर्क ब्रेसनं फोर्कचा पीळ थोडा कमी होतो, पण सगळं ठाकठीक केल्यावर काही उरलंच तर त्याचा विचार करा.

वेगाबद्दलही सांगायला हवं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० आहे. तुमच्या गाडीला या मर्यादेत ठाम ठेवणं पूर्णपणे शक्य आहे. जोरदार कुशीतल्या वाऱ्यात आणि ओझं असताना ६५-७० वर चालवा. वाऱ्याचा हिशेब पाहता त्या दहा-पंधराच्या फरकानं गाडी खूप शांत होते.

आता क्रम. पहिल्या रविवारी हवा, टायर, स्पोक, कोनसेट, बेअरिंग. दुसऱ्या रविवारी सामानाची जागा आणि शॉकअपची कडी. तिसऱ्या रविवारी हँडलवरच्या वस्तू आणि हेल्मेटची चोच. प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं चालवून बघा आणि काय वाटलं ते वहीत लिहा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशानं आला ते कळणार नाही. टायर बदलला तर नव्या टायरवर पहिले काही किलोमीटर जपून जा. हे सगळं करूनही वळवळ राहिली, तर वही घेऊन चांगल्या सस्पेन्शनच्या कारागिराकडे जा. काय काय तपासून झालं आहे हे त्याला पहिल्या पानावरच दिसेल, आणि तुमचे पैसे नेमक्या दोषावर खर्च होतील.